गच्चीवरचं ऊन आणि बाबांची एफडी

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की समजायचं, बाबा! 'अगं, गच्चीवर सोलर बसवतोय. पाच किलोवॉट. एफडी मोडतो. बिल झीरो होणार म्हणे!'

माझी झोपच उडाली. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माझा गच्चीशी संबंध थर्टी फर्स्टपुरता. पण ती एफडी म्हणजे बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे. तडक साताऱ्याची एसटी पकडली आणि कोटेशन, बिलं, कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

आधी सबसिडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. पुढे पाच बसवा नाहीतर दहा, रक्कम तेवढीच! आणि हो, आधी सगळे पैसे आपण भरायचे. मीटर लागून तपासणी झाली की सबसिडी खात्यात येते.

मग बिल. आमच्या घरी महिन्याला सरासरी २४० युनिट लागतात. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. दोन किलोवॉटमध्ये काम फत्ते! उन्हाळ्यात जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, नेट मीटर ती मोजतो आणि पावसाळ्यात ते युनिट वळते होतात. मात्र ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा भाव आपण भरतो त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. म्हणजे वीज विकून श्रीमंत व्हायचा प्लॅन कॅन्सल!

आता वसुली. आमचं बिल २,६०० रुपये. स्थिर आकार राहतोच, त्यामुळे 'झीरो' विसरा, वाचणार २,३००. दोन किलोवॉटचं कोटेशन १,३०,०००, सबसिडी जाता ७०,०००. अडीच वर्षांत पैसे सुटले. पाच किलोवॉटचं २,८०,०००, सबसिडी जाता २,०२,०००. वापर तोच, बचत जवळपास तीच, वसुलीला सात वर्षांहून जास्त!

अजून एक मेख आहे. महावितरणचा पहिल्या १०० युनिटचा दर कमी, पुढच्या टप्प्याचा बराच चढा. सोलर आधी ही महागडी युनिट खातो. त्यामुळे ज्यांचं बिलच ८० युनिटचं, त्यांची वसुली लांबते. शिवाय शेजारच्या नारळाची सावली पॅनलवर पडत नाही ना, तेही बघा.

फ्लॅटवाल्यांनो, तुम्हीही नाराज होऊ नका. सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठीही किलोवॉटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. योजना २०२६-२७ पर्यंत आहे, तेव्हा पुढच्या मीटिंगला नुसता चहा पिऊन येऊ नका!

हिशेब ऐकून बाबा गप्प बसले. मग आईच म्हणाली, 'मे महिन्यात येतेस आणि उकडतंय म्हणून दोन दिवसांत पळतेस. यांना तुझ्या खोलीत एसी लावायचा होता.'

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, बॉस?

शेवटी तीन किलोवॉटवर तह झाला. एफडी निम्म्याहून जास्त वाचली. दोन किलोवॉटचे पैसे ऊन फेडेल. तिसऱ्याची वसुली मात्र माझ्याकडे लागलीय. मे महिन्याची रजा टाकलीये, चांगली दहा दिवसांची.