घोटा मोडला तर काय करावे?

सभासद बंधूंनो,

गेल्या ऑगस्टमध्ये आडसाली लागणीच्या नोंदी घेताना पाटाच्या ओल्या बांधावरून आमचा पाय घसरला. "मुरगळलाय, चोळला की बसेल," म्हणून आम्ही दोन दिवस तेल चोळून घेतले. तिसऱ्या दिवशी फोटो काढला, तर घोट्याचे हाड मोडलेले! रात्रीच्या विजेवर पाणी पाजताना ही पाळी कुणावरही येऊ शकते, म्हणून हे चार शब्द.

नडगीचे हाड, तिच्या शेजारचे बारीक हाड आणि टाचेवरचे हाड, अशा तिघांचा मिळून घोटा होतो. सगळे अंग त्यावर तोललेले असते. घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर चोळू नका, एक्स-रे काढा.

मोडलेल्या जागी आधी मऊ भर येते, मग ती टणक होते. कोवळ्या फुटव्यावर बैल घातला तर काय होईल? तसेच हे आहे. आम्हाला सहा आठवडे प्लास्टर होते. काहींना ऑपरेशन लागते. डॉक्टर सांगतील तेव्हाच पायावर भार द्यावा. बसता-झोपता पाय उशीवर उंच ठेवावा. प्लास्टर भिजवू नये, खाज सुटली तरी आत काडी घालू नये. तंबाखू-विडीने हाड उशिरा जुळते, तेव्हा ती बंदच करावी. बोटे निळी पडली, बधिर झाली, पोटरी फार दुखू लागली किंवा दम लागला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

कुबडीचा भार हातावर घ्यावा, काखेवर नाही. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. शौचाला उकिडवे बसता येत नाही. मधे भोक पाडलेली खुर्ची करून घ्यावी, त्यात लाज कसली?

आम्हाला खरी धास्ती वेगळीच होती. लागणीच्या तारखेवर तोडीची पाळी ठरते. आमच्या पायापायी कुणाची पाळी चुकली तर? म्हणून आम्ही गट ऑफिसात खुर्ची टाकून बसलो. चिटबॉय प्लॉट फिरले, सभासद स्वतः येऊन तारखा पडताळून गेले. एवढी वर्षे सगळे आपणच फिरून बघायचे ही आमची खोड होती, ती पायाने मोडली म्हणायची!

प्लास्टर निघाले म्हणजे पाय लगेच पहिल्यासारखा होत नाही. सांधा आखडतो, पोटरी बारीक होते, संध्याकाळी सूज येते. काही महिने असे चालायचेच. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाऊल वर-खाली, गोल फिरवण्याचा व्यायाम रोज करावा. आम्ही अजून काठी घेऊनच बांधावर येतो.

तेव्हा बंधूंनो, रात्री पाण्यावर जाताना बॅटरी आणि घट्ट पादत्राण विसरू नका. आणि पडलातच, तर घरच्यांना, शेजाऱ्याला हाक मारा. मदत मागण्यात कमीपणा नाही, सहकार म्हणतात तो हाच.

आपला,
ऊस विकास अधिकारी