शंकर पक्ष्याचा निळा गळा

हिवाळ्यात तळ्याकाठच्या लव्हाळ्यात आणि पाणकणसात चिमणीएवढा, मातकट रंगाचा एक पक्षी वावरत असतो. चिखलावर तुरुतुरु धावतो, थबकतो, शेपटी उंचावतो आणि पुन्हा गवतात दडतो. शेपटी पसरली की बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग दिसतो. नर समोर वळला तर गळ्यावर झळझळीत निळा रंग आणि मधोमध तांबूस ठिपका दिसतो. हाच शंकर; शास्त्रीय नाव ल्युसिनिया स्वेसिका. तो उत्तर युरोप, उत्तर आशिया, लडाख अशा थंड प्रदेशांत वीण करतो आणि हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. लपून राहण्याच्या सवयीमुळे तो मुद्दाम शोधावा लागतो.

भीमा नदीवरील उजनी जलाशयाच्या काठी आम्ही त्याची छायाचित्रे घेतो तेव्हा एक गोष्ट जाणवते. समोरून ऊन पडले असता गळा लखलखतो. ऊन पाठीमागून आले की तोच गळा काळपट दिसतो. असे का व्हावे?

ठिपक्याचा तांबूस रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा आहे. निळ्या भागात मात्र निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिन आणि हवेच्या सूक्ष्म पोकळ्या यांची स्पंजासारखी रचना असते. तिच्यातून निळा प्रकाश अधिक प्रमाणात परत फिरतो आणि खालचे मेलॅनिन उरलेला बराचसा प्रकाश शोषून घेते. म्हणजे हा रंग रचनेचा आहे.

गंमत पुढेच आहे. हा गळा आपल्याला न दिसणारे, ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे अतिनील किरणही जोरात परावर्तित करतो. पक्ष्यांना ते दिसतात. १९९७ साली अँडरसन आणि आमुंडसेन यांनी काही नरांच्या गळ्यांना अतिनील किरण शोषणारा लेप लावला. माद्यांनी लेप न लावलेल्या, अतिनील परावर्तन शाबूत असलेल्या नरांना पसंती दिली. कॅमेऱ्याची भिंगे आणि गाळण्या हे किरण बव्हंशी अडवतात. त्यामुळे आपले उत्तम छायाचित्रही मादीला दिसणाऱ्या नराचे नसते!

वर्गात हा विषय मोराच्या गळून पडलेल्या पिसाने सुरू करता येईल. पिसावर उजेड पडू द्या, मग ते खिडकीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहा. निळे-हिरवे रंग जाऊन तपकिरी छटा उरते. मोरपिसातील रचना वेगळी असली, तरी तिथेही रंग रचनेचाच आहे.

विद्यार्थ्यांना तळ्यावर न्याल तेव्हा एक पथ्य पाळावे. छायाचित्रासाठी लव्हाळे तोडू नये, ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये, पाठलाग करू नये. परतीच्या लांब प्रवासासाठी या पक्ष्याला शरीरात चरबी साठवावी लागते. दर वेळी उडवून लावल्यास खाण्याचा वेळ जातो. सूर्य पाठीशी ठेवून एका जागी शांत बसावे. थोड्या वेळाने तो बहुधा स्वतःच उघड्यावर येतो.