व्हॅन स्लोवर बंद पडते? स्क्रू फिरवण्याआधी वही उघडा



आपल्या प्रभागातल्या एका गटाने कर्ज काढून जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. भाजीचे क्रेट, पापड, मसाला सगळं आठवडी बाजाराला तीच नेते. गटातलीच एक ताई लायसन्स काढून गाडी चालवायला लागली. पहिले काही महिने छान गेले. मग पावसाळ्यात गाडी चौकात थांबली की बंद पडायला लागली. मागून हॉर्न, बाजूने हसणारी माणसं. गावात बोलणं सुरू झालं, "बाईला क्लच सोडता येत नाही, दुसरं काय!" बैठकीत मीसुद्धा ताईंना विचारलं होतं, "क्लच नीट सोडता ना?" पुरुष ड्रायव्हर पगारावर ठेवावा असा विषयही निघाला.

शेवटी दोष सापडला तो वीतभर रबरी पाईपात. खर्च शंभर रुपयांच्या आत. पण त्याआधी दोनदा गॅरेजला पैसे गेले होते, आणि ताईंचं कामही जाता जाता राहिलं. म्हणून हा लेख. आपल्याला मेकॅनिक व्हायचं नाही. पण गाडी कधी आणि कशी बंद पडते हे नीट सांगता आलं, तर निम्मं निदान आपणच केलेलं असतं.

स्लो म्हणजे काय?

गाडी न्यूट्रलला आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन चालू राहतं. याला गॅरेजमध्ये "स्लो" म्हणतात, पुस्तकात "आयडलिंग". त्या वेळी इंजिनाला हवा आत घेण्याचा मोठा दरवाजा जवळजवळ बंद असतो. अगदी थोडी हवा आणि थोडं पेट्रोल, एवढ्यावरच ते तग धरतं. चुलीचा जाळ मोठा असेल तर वाऱ्याची झुळूक आली तरी चालतं, पण बारीक केलेली ज्योत तेवढ्यानेच विझते. स्लोचं तसंच आहे. म्हणून बारीकसारीक बिघाड आधी स्लोवर दिसतो आणि रस्त्यावर वेगात असताना कळतही नाही.

खेड्यात आपल्याकडे जुन्या मारुती ओम्नी अजून पुष्कळ दिसतात. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन, आणि तेही पुढच्या सीटखाली. ही गाडी 1984 मध्ये "मारुती व्हॅन" म्हणून आली आणि 2019 मध्ये बनायची बंद झाली. जुन्या गाड्यांना कार्बोरेटर आहे, नंतरच्यांना एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी पेट्रोलची व्यवस्था. आपल्या गाडीला यातलं काय आहे ते आधी विचारून घ्या, कारण दोन्हींचे इलाज वेगळे.

आधी हे पाळा

गाडी मोकळ्या जागी तपासा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने जीव जातो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. पंखा आणि पट्टा फिरत असताना हात आत घालायचा नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. चालू इंजिनात प्लगची वायर ओढून बघणं मेकॅनिकचं काम, जोराचा शॉक बसतो.

गाडी काय सांगते ते ऐका

सकाळी थंड असताना बंद पडते, गरम झाली की ठीक. कार्बोरेटरच्या गाडीत चोक नीट लागत नसेल किंवा कुठून तरी जादा हवा आत जात असेल. एमपीएफआय असेल तर इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर किंवा स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह तपासायला सांगा.

गरम झाल्यावर बंद पडते, पेट्रोलचा वास येतो, काळा धूर निघतो. पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकून राहिला असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल. चोकची खुंटी पूर्ण आत गेली आहे का, एवढं तर आपणच बघू शकतो.

पाय काढला की बंद, रेस दिली की छान चालते. स्लोचा बारीक जेट कचऱ्याने तुंबला असेल, नाहीतर इंजिन "एअर घेतंय".

गाडी थरथरते, फट-फट असा ठोका चुकतो. याला "मिसिंग" म्हणतात. तीन चुलींपैकी एक पेटत नाही असं समजा. प्लग, प्लगची वायर किंवा जुन्या गाडीत डेल्कोचं झाकण यात दोष असतो.

स्लो आपोआप वाढतो, इंजिन किंचाळतं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली असेल किंवा हवा शिरत असेल. केबल अडकणं धोक्याचं आहे. अशी गाडी बाजाराला नेऊ नका.

ब्रेक दाबला की इंजिनाचा आवाज बदलतो किंवा गाडी बंद पडते. ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचा पाईप किंवा बूस्टरच गळत असेल. हे त्याच दिवशी दाखवा, ब्रेकचा प्रश्न आहे.

पेट्रोल भरल्यावर किंवा जोराच्या पावसानंतरच त्रास. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल किंवा प्लगच्या वायरी ओल्या झाल्या असतील.

दिवे लावले की इंजिन दबतं. बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

स्वस्तापासून महागाकडे

घरात दागिना सापडेना तर आपण आधी कपाट, उशी, फडताळ बघतो, लगेच फरशी उखडत नाही. इथेही तसंच.

पहिलं, एअर फिल्टर. मातीच्या रस्त्यावर लवकर भरतो. काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

दुसरं, रबरी पाईप. इंजिन बंद आणि थंड असताना एकेक पाईप हाताने वाकवून बघा. टोकाशी चीर आहे का, पाईप कडक झालाय का, निसटलाय का? मग इंजिन चालू करून लांबूनच कान द्या. सुस्स असा आवाज येतोय का? त्या गटाच्या व्हॅनला हेच झालं होतं. टोकाला चिरलेल्या पाईपातून जादा हवा आत जायची, पेट्रोल तेवढंच राहायचं आणि ज्योत विझायची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. फार जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून पाईप आणि गॅसकेट अधूनमधून बघणं आता जास्त गरजेचं आहे.

तिसरं, प्लग. मेकॅनिककडून काढून घ्या आणि स्वतः बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडं काळं काजळ असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट ओलं असेल तर इंजिनचं ऑइल वर येतंय. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापतंय. तिन्हींपैकी एकच वेगळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरचा.

चौथं, पेट्रोल फिल्टर आणि त्यानंतर कार्बोरेटरची सफाई. एमपीएफआय असेल तर थ्रॉटल बॉडीची सफाई. चावी फिरवल्यावर "चेक इंजिन"चा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. विझत नसेल तर मशीन लावून तपासणारा मेकॅनिक गाठा.

एवढं करूनही फरक नाही, मगच टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा. नवा कार्बोरेटर आणि इंजिनकाम सर्वात शेवटी.

स्क्रूचा मोह

त्या व्हॅनचं पहिल्या गॅरेजमध्ये काय झालं? स्लोचा स्क्रू फिरवून दिला. दोन दिवस गाडी बंद पडली नाही, सगळे खूश. मग गरम झाली की इंजिन ओरडायला लागलं, पेट्रोल जास्त लागायला लागलं, चौकातलं बंद पडणंही परत सुरू झालं. पुन्हा नेली तर उत्तर मिळालं, "कार्बोरेटरच बदला." गळक्या हंड्यात जास्त पाणी ओतलं तर हंडा भरलेला दिसतो, भोक मात्र तसंच राहतं. स्क्रू चुकीचा नाही, पण तो शेवटी फिरवायचा, दोष काढल्यावर. पीयूसीच्या वेळी पेट्रोल गाडीचा धूर स्लोवरच मोजतात, तिथेही असा जुगाड पकडला जातो.

गाडीची वही

आपण गटात एक रुपयाची नोंद चुकवत नाही. मग कर्जावर घेतलेल्या गाडीची वही का नको? रोज चार ओळी पुरेत: तारीख आणि किलोमीटर, पेट्रोल किती भरलं, गाडी कुठे बंद पडली, आणि त्या वेळी इंजिन थंड होतं की गरम, पाय कुठे होता, दिवे लावले होते का.

त्या ताईंनी आठ दिवस अशी नोंद ठेवली. "थांबल्यावरच बंद. रेसवर ठीक. सीटखाली सुस्स आवाज." ती वही घेऊन आम्ही तालुक्याच्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने वाचलं, सीट उचलली, आणि चहा यायच्या आत पाईप हातात दिला. मग वाढवलेला स्लो परत जागेवर आणून दिला. पुढच्या बैठकीत तो चिरलेला पाईप सतरंजीवर ठेवला आणि मी ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. ड्रायव्हर बदलायचा विषय तिथेच संपला.

गॅरेजला जाताना दोघीजणी जा आणि चार प्रश्न विचारा. दोष नेमका कुठे आहे, दाखवाल का? त्याआधीचं स्वस्त काय काय तपासलं? बदललेला जुना भाग परत द्याल ना? पावती मिळेल ना? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही, उलट बसायला खुर्ची देतो.

ज्या गटांकडे गाडी, टेम्पो किंवा पेट्रोलवरचं कुठलंही यंत्र आहे, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला व्यवहाराच्या वहीबरोबर गाडीची वहीही आणावी. गाडी पुन्हा चौकात बंद पडली, तर चालवणाऱ्या ताईकडे बोट दाखवण्याआधी ती उघडून बघू.

आपली,
क्षेत्र समन्वयक