निवडणूक हरली, ऑस्कर जिंकलं!

दिवसा नेत्याची जाहिरात आणि रात्री स्वतःची डॉक्युमेंटरी... हे डबल करिअर जमतं का, बॉस?

इलेक्शन आलं की आमच्या ग्रुपमधले निम्मे एडिटर गायब होतात. 2024च्या विधानसभेलाही तेच झालं. ज्याची शॉर्टफिल्म वर्षभर हार्ड डिस्कमध्ये पडून आहे, तो पठ्ठ्या कुठल्या तरी ‘भाऊं’च्या एन्ट्रीला स्लो मोशन लावत बसलेला! विचारलं तर म्हणतो, ‘‘यार, माझ्या फिल्मचं डबिंग यातूनच निघणार.’’ मीही दोन प्रचारफिल्म लिहिल्यात, त्यामुळे नावं ठेवायचा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की या धबडग्यात आपल्यातला फिल्ममेकर शिल्लक राहतो का?

याचं उत्तर मला सापडलं चार्ल्स गुगनहाइम (1924-2002) या अमेरिकन माणसात. 1956मध्ये त्यानं अॅडलाय स्टीव्हन्सनचा प्रचार केला, 1968मध्ये रॉबर्ट केनेडींचा, 1972मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्नचा आणि 1980मध्ये टेड केनेडींचा. यातला एकही राष्ट्राध्यक्ष झाला नाही! मॅकगव्हर्न तर 50पैकी 49 राज्यांत आपटले. पण गुगनहाइमच्या घरात ऑस्कर किती? चार!

त्याचा फंडा साधा होता. नेत्याला टेबलामागे बसवून भाषण द्यायला लावायचं नाही. शेतकरी, कामगार, सामान्य मतदार यांच्यात सोडायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. लोक अडचणीचे प्रश्न विचारणार, नेता जागच्या जागी उत्तर शोधणार. म्हणजे चक्क डॉक्युमेंटरीच की! लोकांचं ऐकून घेण्याची हीच सवय त्याच्या फिल्म्समध्येही दिसते. ‘नाइन फ्रॉम लिटल रॉक’ (1964) ही फिल्म 1957मध्ये गोऱ्यांच्या शाळेत पहिलं पाऊल टाकणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांची. तिचं निवेदन त्या नवांपैकीच एक, जेफरसन थॉमस करतो. हे त्याचं पहिलं ऑस्कर.

जून 1968मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. प्रचारच संपला. जेमतेम तीन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, शिकागोच्या पक्षाधिवेशनात गुगनहाइमची ‘रॉबर्ट केनेडी रिमेम्बर्ड’ दाखवली गेली. मतं मागायला आता कुणी उरलं नव्हतं, तरी अख्खं सभागृह उभं राहिलं. दुसरं ऑस्कर!

मग त्यानं हे काम सोडलं का? हो, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला. टीव्हीवरच्या प्रचारात 30 सेकंदांची चिखलफेक वाढली आणि त्याचं मन उडालं. पुढची दोन ऑस्कर ‘द जॉन्सटाउन फ्लड’ (1989) आणि ‘अ टाइम फॉर जस्टिस’ (1994) यांना मिळाली. शेवटची ‘बेर्गा’ तर त्याच्याच पलटणीतल्या, नाझींच्या कैदेत खितपत पडलेल्या सैनिकांवर. पायाला इन्फेक्शन झालं म्हणून तो युद्धावर गेला नव्हता. मागे राहिल्याची ती सल त्यानं पन्नासएक वर्षं जपली होती. फिल्म पूर्ण झाली आणि तो गेला.

तेव्हा पुढच्या इलेक्शनला फोन आला तर जरूर घ्या. पेमेंट मतदानाआधी मागा (निकालानंतर कुणी फोन उचलत नाही!). फक्त कुठलं काम करणार नाही, ते आधीच ठरवून ठेवा. आणि हो, ती हार्ड डिस्क अधूनमधून उघडत चला.