चकती सरकली, म्हणून लगेच ऑपरेशन?
हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शिवारात हळद असो की सोयाबीन, काम वाकूनच. तिथं कंबर धरली की दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला मोह पाडतो. पण त्या छोट्या छेदातून नसेवर दाब देणारा मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा निघतो. पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, थांबते; नुसती कंबरदुखी थांबेलच असं नाही. नेदरलँड्समधल्या 283 सायटिका रुग्णांच्या 2007 सालच्या अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, वर्षअखेरीस मात्र ते आणि आधी थांबून पाहिलेले असे दोन्ही गट सारखेच होते. हातावर पोट असलेल्यानं थांबायचं कसं, हा आक्षेप रास्तच. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढं ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून सरसकट घाई नको, सरसकट थांबणंही नको; निर्णय नुसत्या एमआरआयवर नको, लक्षणांवर हवा. लघवी अडली, जांघेत बधिरता आली, पाऊल उचलेना, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.