रॉयल ऑपेरा हाऊस (मुंबई)

रॉयल ऑपेरा हाऊस हे दक्षिण मुंबईतील गिरगाव परिसरात, चर्नी रोड रेल्वे स्थानकाजवळ असलेले ऐतिहासिक नाट्यगृह आहे. 1911 मध्ये बांधकाम सुरू असतानाच त्याचे उद्‌घाटन झाले आणि 1912 मध्ये ते रसिकांसाठी खुले झाले. भारतात टिकून राहिलेले एकमेव ऑपेरागृह असा त्याचा उल्लेख केला जातो. प्रत्यक्षात या रंगमंचावर पाश्चात्त्य ऑपेरा फार थोडा काळ आणि तोही तुरळकच सादर झाला. वास्तूच्या आयुष्याचा सर्वांत मोठा काळ चित्रपटगृह म्हणून गेला. 1993 ते 2016 या काळात नाट्यगृह बंद होते. तरीही भोवतालच्या वस्तीचे ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव बसथांब्यापासून हिऱ्यांच्या बाजारापर्यंत सर्वत्र रूढ राहिले.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या रंगभूमीचे केंद्र ग्रँट रोडच्या आसपास होते. विष्णुदास भावे यांनी 1853 मध्ये आपल्या नाटकांचे मुंबईतील प्रयोग ग्रँट रोडवरील नाट्यगृहात केले. पारशी नाटक मंडळ्यांचाही वावर याच भागात होता. त्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपीय धर्तीचे मोठे नाट्यगृह गिरगाव आणि ग्रँट रोड यांच्या सीमेवर उभे राहिले, यात नवल नाही.

स्थापना

नाट्यगृहाची कल्पना मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांची. बँडमन हे कलकत्त्यात मुक्काम ठेवून आशियाभर फिरत्या नाटक कंपन्या चालवणारे व्यावसायिक होते. कराका कोळशाच्या दलालीच्या व्यवसायात होते. पायाभरणी सम्राट सातवे एडवर्ड यांच्या कारकिर्दीत झाली. 1911 मध्ये दिल्ली दरबारासाठी भारतात आलेले सम्राट पाचवे जॉर्ज यांनी उद्‌घाटन केले. ‘रॉयल’ हे विशेषण या राजसंबंधातून आले. इमारतीतील भर घालण्याची कामे 1915 पर्यंत चालू होती.

‘ऑपेरा’ हा शब्द येथे काहीसा सैलपणे समजून घ्यावा लागतो. बँडमन यांच्या कंपन्यांचा मुख्य माल म्हणजे लंडनमध्ये गाजलेल्या संगीत सुखात्मिका. इटालियन किंवा जर्मन पद्धतीचा, अथपासून इतिपर्यंत गायला जाणारा गंभीर ऑपेरा हा त्यांचा नित्याचा व्यवसाय नव्हता. 1922 मध्ये बँडमन यांचे निधन झाले. तोवर चित्रपटांचे खेळही येथे होऊ लागले होते.

मराठी आणि हिंदी रंगभूमी

बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्यासारख्या गायकनटांनी हा रंगमंच गाजवला. मराठी संगीत नाटकाला कधीकधी ‘मराठी ऑपेरा’ म्हटले जाते, परंतु ही तुलना फार ताणता येत नाही. संगीत नाटकात गद्य संवादांना पदांइतकेच स्थान असते आणि पद रंगले की गायकनट ते प्रेक्षकांच्या आग्रहानुसार पुन्हा गातो. तथापि गायकाचा आवाज ध्वनिवर्धकाविना सज्जातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, ही गरज दोन्हीकडे सारखीच. ऑपेरासाठी घडवलेले छत त्यामुळे संगीत नाटकालाही मानवले.

1944 मध्ये स्थापन झालेल्या पृथ्वी थिएटर्सचे मुंबईतील प्रयोग प्रामुख्याने येथेच होत. त्या वेळी ही वास्तू चित्रपटगृह असल्याने नाटकांना चित्रपटांच्या खेळांतून उरलेली वेळ मिळे. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज कपूर दारात झोळी पसरून उभे राहत आणि मदतनिधी गोळा करीत, ही आठवण त्या काळातील अनेकांनी नोंदवली आहे.

चित्रपटगृह

1931 मध्ये ‘आलम आरा’ या बोलपटाचे प्रथम प्रदर्शन गिरगावातीलच मॅजेस्टिक चित्रपटगृहात झाले आणि पुढील काही वर्षांत नाटक कंपन्यांची आर्थिक घडी विस्कटली. बालगंधर्व स्वतः 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात झळकले. त्याच सुमारास ऑपेरा हाऊस आयडियल पिक्चर्सकडे गेले आणि त्याचे पूर्णवेळ चित्रपटगृहात रूपांतर झाले. पडदा आणि प्रक्षेपण यांच्या सोयीसाठी अंतर्भागात बदल झाले. रंगमंचालगतच्या बाजूच्या बैठका, म्हणजे ‘बॉक्स’, चित्रपटासाठी निरुपयोगी होत्या, कारण तेथून पडदा तिरपा दिसतो. त्या काढून टाकण्यात आल्या.

1952 मध्ये गोंडलचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू विकत घेतली. दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ यांच्या प्रसारानंतर एकपडदा चित्रपटगृहांची जी अवस्था झाली ती याही चित्रपटगृहाची झाली आणि वाढत्या तोट्यामुळे 1993 मध्ये ते बंद करण्यात आले.

जीर्णोद्धार

बंद वास्तूचे छत गळत होते आणि भिंतींचे नक्षीकाम ढासळत होते. मोक्याच्या जागेवरील अशा इमारतींच्या ठिकाणी मुंबईत बहुधा बहुमजली संकुले उभी राहतात. येथे वारसा वास्तूचा दर्जा आणि जतन करण्याची मालकांची इच्छा या दोन गोष्टींमुळे ते टळले. 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातील वास्तूंच्या आपल्या यादीत ऑपेरा हाऊसचा समावेश केला.

जतनाचे काम वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. कोणत्या काळातील वास्तू पुन्हा उभी करायची, हा या कामातील कळीचा प्रश्न होता, कारण चित्रपटगृहाचा काळही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. कौल मूळ नाट्यगृहाच्या बाजूने गेला आणि नाहीशा झालेल्या बॉक्सची जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुनर्रचना करण्यात आली. ऑक्टोबर 2016 मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडले. त्या वेळी मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले. 2017 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांमध्ये या कामाचा गौरव झाला. त्याच वर्षी चिमारोसा यांचा ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ हा ऑपेरा येथे सादर झाला.

वास्तुरचना

इमारत बरोक शैलीची असून तिच्यात भारतीय अलंकरणाचेही मिश्रण आहे. प्रवेशदालनातील दोन भव्य झुंबरे ससून कुटुंबाने दिलेली आहेत. ती पूर्वी त्यांच्या भायखळ्यातील ‘सां सूसी’ या प्रासादात होती असे सांगितले जाते. हा प्रासाद म्हणजे आजचे मसीना रुग्णालय. दालनावरील घुमट आठ भागांत विभागलेला असून कवी, नाटककार आणि साहित्यिक यांना अर्पण केलेला आहे. प्रेक्षागृहात तळमजला आणि वरचे सज्जे मिळून 575 आसने आहेत. घोड्याच्या नालेसारखी मांडणी असल्यामुळे मागील प्रेक्षकही रंगमंचापासून फार दूर राहत नाहीत.

भेट

नाट्यगृह मॅथ्यू रोडवर आहे. पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड स्थानकावरून पूर्वेकडे उतरून पायी काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. ग्रँट रोड स्थानकही जवळच आहे. हे संग्रहालय नसून चालते नाट्यगृह असल्याने आतील भाग पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट काढणे. नाटक, संगीत, नृत्य आणि चित्रपट असे सर्व प्रकारचे कार्यक्रम येथे होतात. घुमट आणि झुंबरे प्रवेशदालनात असल्यामुळे ती नीट पाहायची असल्यास कार्यक्रमाच्या वेळेआधी पोहोचणे सोयीचे ठरते. दर्शनी भाग रस्त्यावरून केव्हाही पाहता येतो, मात्र आजूबाजूला व्यापारी कचेऱ्यांची दाटी असल्याने कामाच्या दिवसापेक्षा रविवारी सकाळी तो अधिक निवांतपणे पाहता येतो.