पेटीचा रंग आणि पेटीचा सूर

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं वीतभर लांबीच्या एका ॲल्युमिनियमच्या पेटीनें लहानथोर सर्वांस गुंतवून ठेविलें होतें. माझा धाकटा भाऊ अकोल्यास रेडिओ-दुरुस्तीचें काम करीत असे. गिटारचा त्याला मोठा नाद. १९९४ सालीं त्यानें ही पेटी स्वतःच्या हातानें बनविली आणि झांकणाच्या आंतल्या बाजूस खिळ्यानें आपलें नांव, गांव व साल कोरून ठेविलें. भाऊ आज आमच्यांत नाहीं. त्याची पत्नी व मुलगा अमरावतीस आमच्यापाशींच असतात. मुलगा कॉलेजांत शिकतो व वडिलांचीच गिटार वाजवितो. ट्रंकेंत पडून पेटीचा रंग उडाला होता, आवाजही नीट येत नव्हता. “तात्या, ही मी पुन्हां वाजती करतों,” असें त्यानें एके दिवशीं सांगितलें. त्याच्या आईनें एवढेंच म्हटलें, “कर, पण तुझ्या बाबांची ती राहिली पाहिजे.” या दोन वाक्यांचा मेळ कसा बसला, तें सांगण्यासाठीं हा लेख.

प्रथम ही पेटी करते काय, तें सांगितलें पाहिजे. विजेच्या गिटारच्या तारा कांपल्या कीं तिच्यांतील लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांच्या योगानें एक क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकांत जाण्यापूर्वीं या पेटींतून जातो. पायानें कळ दाबून ती चालू-बंद करावयाची, म्हणून तिला पेडल म्हणतात. आंत दोन ट्रान्झिस्टर असतात. ते हा प्रवाह इतका वाढवूं पाहतात कीं ९ व्होल्टांच्या बॅटरीच्या मर्यादेंत तो मावत नाहीं. लाटेचे माथे कापले जाऊन सपाट होतात. अशा लाटेंत मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर मिसळतात आणि आवाज जाड, किंचित् खरखरीत व लांबणारा होतो. या प्रकाराला ‘फझ’ असें नांव आहे. अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं यंत्रांतील बिघाडानें गिटारचा आवाज फाटला. १९६१ त तें गीत प्रसिद्ध झालें आणि तो फाटका आवाजच लोकांस आवडला. पुढें १९६२ त तसाच आवाज मुद्दाम काढणारी ‘फझ-टोन’ ही पेटी बाजारांत आली व १९६५ त रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गीतानें ती जगभर गाजली. लंडनच्या आर्बिटर कंपनीनें १९६६ त काढलेल्या ‘फझ फेस’ नामक पेडलाचा आराखडा भावानें वापरला होता.

चांगला आवाज मुद्दाम बिघडवावयाचा, हें प्रथम मला विपरीत वाटलें. परंतु आमच्या तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवून तार घोडीच्या पाठीस जेमतेम स्पर्श करील असें केलें, कीं उपस्वर जागे होऊन तंबोरा बोलूं लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ त या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ त भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांच्या कारागिरांना हें रहस्य पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेव्हां पुतण्याची पेटी मला फारशी परकी राहिली नाहीं.

पेटीचें खरें दुखणें उन्हाळ्याचें होतें. जुन्या रेडिओंतून काढलेले तिचे दोन्ही ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जर्मेनियमला उष्मा सोसत नाहीं. तापमान चढलें कीं त्यांतून नको असलेला प्रवाह झिरपूं लागतो व आवाज अडखळतो. आमच्या वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. माघांत गाणारी पेटी तेव्हां घोगरी होते. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बसविले तर हा त्रास बराच कमी होतो, आणि ते सहज मिळतातही. मुलगा दोन दिवस विचार करीत होता. अखेर त्यानें वडिलांचे ट्रान्झिस्टर तसेच ठेविले आणि एका रेझिस्टरच्या जागीं फिरवून कमी-जास्त करतां येणारा रेझिस्टर डाख देऊन बसविला. ऋतु बदलला कीं तो किंचित् फिरवावयाचा आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशीं सुमारें साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, आणावयाचे. तंबोरा रोज जुळवावा लागतो. मग पेटी वर्षांतून दोनदां जुळविण्यास हरकत कसली? शिवाय आरंभींचा कपॅसिटर फार लहान असल्यानें जाड तारेचा आवाज पातळ येई. ही तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कांपते, आणि लहान कपॅसिटर अशीं सावकाश कंपनें अडवितो. ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागीं त्यानें ०.२२ चा घातला, आणि खर्ज भरला.

मग रंगाची पाळी आली. जुना रंग आधीं भरड व मग बारीक पॉलिशपेपरनें घासून काढला. पेटी धुऊन वाळविली. प्रायमरचा एक आणि गडद निळ्या रंगाचे तीन पातळ हात दिले. काम असें नेटकें साधलें कीं उत्साहाच्या भरांत त्यानें पेटी व झांकण आंतूनही रंगविलें. संध्याकाळीं सर्व भाग बसवून कळ दाबली, तों गिटारच्या मागें मोहोळ उठल्यासारखी एकसारखी घूं घूं! पुढें झांकण उघडून पाहिलें, तेव्हां भावजय गप्पच झाली. खिळ्यानें कोरलेलीं अक्षरें निळ्या रंगाखालीं बुजलीं होतीं.

त्या रात्रीं मुलगा नीट जेवला नाहीं. सकाळीं मल्टिमीटरनें तपासतां उलगडा झाला. धातूची पेटी ही नुसतें आवरण नव्हे. ती आंतील मंडलाच्या ‘ग्राउंड’ला जोडलेली असते आणि घरांतील विजेच्या तारांचा ५० आवर्तनांचा गुणगुणाट बाहेरच अडविते. हा सांधा गिटारची वायर खुपसावयाच्या सॉकेटच्या धातूनें जुळतो. रंगानें तेथेंच पडदा घातला होता. कडा रंगल्यामुळें झांकणही पेटीपासून तुटलें होतें. मुलानें थिनरमध्यें भिजविलेल्या फडक्यानें आंतील सर्व रंग उतरविला, कडा व सॉकेटची छिद्रें घासून उघडीं केलीं. घूं घूं थांबली; आणि त्याच फडक्याखालून वडिलांचें नांव, ‘अकोला’ व ‘१९९४’ पुन्हां वर आलें. रेषांमध्यें थोडा निळा रंग अडकून राहिला, त्यामुळें अक्षरें पूर्वींपेक्षां ठळक दिसतात.

दोष काढणें आणि गुण घालणें, हीं संस्काराचीं दोन कामें आमच्या शास्त्रांत सांगितलीं आहेत. वर्गांत हें मीं अनेक वर्षें शिकविलें. पण दोन्ही करतांना वस्तूचा तिच्या भूमीशीं असलेला सांधा झांकूं नये, हा तिसरा नियम मला या पेटीनें शिकविला. घरांतील जुन्या वस्तूंस नवा हात देऊं पाहणाऱ्या मुलांना अडवूं नये. आंतली बाजू एकदां पाहून मग रंग द्या, एवढेंच सांगावें.

पेटी आतां रोज वाजते. बॅटरी बदलावयाची वेळ आली, कीं झांकण काढावयास भावजय स्वतः येऊन बसते.